धूळ आणि गुलाल

पडायला आलेल्या देवळाचा जीर्णोद्धार करावा की नाही, यावर आपल्याकडे वाद होत नाही. झालाच तर वर्गणीवरून होतो. कसर लागलेली पोथी, गंजलेली तोफ, एखाद्या संताच्या पादुका, यांचेही तसेच आहे. जे जुने आहे आणि थोर आहे ते जपावे, हे आपण कुणी न शिकवता शिकलेलो असतो. अडचण येते ती वस्तू जुनी असून थोर नसते तेव्हा. त्यातून ती नुसती सामान्य नसेल, चांगली चावट असेल, पाहुणे आले की कपाटाच्या मागच्या कप्प्यात सरकवावी अशी असेल, तर मग विचारायलाच नको. अशी वस्तू मोडकळीला आली तर तिच्यासाठी कुणी पैसा, वेळ आणि कौशल्य खर्च करावे काय? की काळच तिचा निकाल लावतो आहे असे समजून गप्प बसावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१२ साली 'व्हिनेगर सिंड्रोम' या नावाची एक कंपनी निघाली. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. सिनेमाची जुनी फीत बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमट हवा यांनी ती कुजू लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो. सुटलेले आम्ल पुढची कुज आणखी वाढवते, फीत आखडते, वाकडी होते आणि शेवटी यंत्रावर चढेनाशी होते. या रोगाचे नाव त्या कंपनीने स्वतःच्या पाटीवर लावले, कारण असे कुजणारे चित्रपट वाचवणे हाच तिचा धंदा. आणि चित्रपट तरी कोणते? बहुतेक असे, की प्रतिष्ठित घरांत ज्यांचे नाव घेतले जात नसे: स्वस्तातले भयपट, मारधाडीचे पट आणि उघडेवाघडे विनोदी पट. त्यांच्या निगेटिव्ह शोधायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या आणि घरी बसून पाहता येईल अशी स्वच्छ तबकडी काढायची. तिकडे आता हा एक रीतसर व्यवसाय आहे.

या उघड्यावाघड्या विनोदी पटांत एक जात अनेक गोष्टी एकत्र गुंफलेल्या चित्रपटांची आहे. तिचे मूळ पाहण्यासारखे आहे. १९७१ साली इटलीतील दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी याने बोकाचिओच्या चौदाव्या शतकातील 'डेकॅमेरॉन' या कथासंग्रहावर चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले आणि तिकीटबारीवरही तो चालला. लगेच इटलीत अनुकरणांची रांग लागली. एका चित्रपटात तीन-चार गोष्टी, प्रत्येक गोष्टीत एक मूर्ख नवरा, एक हुशार बायको, एक लबाड साधू आणि अंगावर जेमतेम वस्त्रे. पासोलिनीच्या चित्रपटाला कला म्हटले गेले, या अनुकरणांना कुणी तसे म्हटले नाही. तरीही आज त्यांचे डाग पुसले जात आहेत.

आपल्याकडे नेमके तसे चित्रपट झाले नाहीत. आपला चावटपणा अंगावर कमी आणि जिभेवर जास्त. त्याच १९७१ साली दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने ज्यांना घरोघर पोहोचवले ते हे दादा. पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' असे एकामागून एक चित्रपट आले, रौप्यमहोत्सव झाले आणि द्वयर्थी संवाद म्हणजे दादा हे समीकरण पक्के झाले. १९९८ च्या मार्चमध्ये दादा गेले. त्यांच्या चित्रपटांना अश्लील म्हणणारेही मराठीच होते आणि ते चोरून पाहणारेही मराठीच. कित्येकदा ती एकच व्यक्ती असे.

बारडोली म्हटले की १९२८ चा सत्याग्रह, सरदार वल्लभभाई आणि स्वराज आश्रम आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण याच बारडोलीला मोठा साखर कारखाना आहे, दर हंगामाला खानदेशातून ऊसतोडीला येणारी माणसे आहेत आणि ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन इथे नोकरीधंद्यात रुजलेली मराठी कुटुंबे आहेत. ऐंशीच्या दशकात अशा घरांत कधीमधी व्हीसीआर भाड्याने येई आणि एका रात्रीत तीन कॅसेटी लागत. पहिली देवादिकांची, दुसरी हाणामारीची आणि तिसरी, म्हातारी माणसे व मुले झोपली असे गृहीत धरून, दादांची. म्हातारी माणसे व मुले झोपलेली नसत. गुजराती शेजाऱ्यांनाही दादा अगदीच परके नव्हते. 'पांडू हवालदार'चा 'चंदू जमादार' आणि 'राम राम गंगाराम'चा 'राम राम आमथाराम' असे त्यांचे गुजराती अवतार सत्तरच्या दशकातच निघाले होते.

त्या भाड्याच्या कॅसेटींत एक गोष्ट हटकून आढळे. कॅसेट सगळीकडे सारखी झिजलेली नसे. जे गाणे किंवा जो प्रसंग लोक मागे नेऊन पुनःपुन्हा पाहत, थांबवून पाहत, तिथेच पडद्यावर पांढऱ्या रेघा उठत. कॅसेट थांबवली की यंत्राचे फिरते डोके फितीच्या त्याच जागी घासत राहते, त्यामुळे ती जागा आधी मरते. म्हणजे प्रेक्षकांना जे सर्वांत आवडले तेच सर्वांत आधी नष्ट झाले. समाजाच्या आवडीची इतकी प्रामाणिक नोंद दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडेल असे मला वाटत नाही.

आता ही दुरुस्ती कशी होते ते थोडक्यात पाहू, कारण नैतिक प्रश्न त्या कारागिरीतच दडलेला आहे. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रे असतात. दोन तासांच्या चित्रपटात ती १,७२,८०० होतात. आधी फीत हाताने तपासायची, फाटलेली भोके सांधायची, मग ती धुवायची. नंतर स्कॅनरवर प्रत्येक चित्र टिपायचे. ओरखडे फार असतील तर टिपताना फितीवर एक विशिष्ट द्रव ठेवतात. तो ओरखड्यांत भरतो आणि प्रकाश सरळ जातो, त्यामुळे ओरखडा दिसेनासा होतो. जुन्या रंगीत प्रतींत निळसर रंग आधी उडतो आणि सारा पडदा गुलाबी-तांबडा दिसू लागतो, तो रंग परत जुळवायचा. शेवटी संगणकाला सांगायचे की धूळ काढ.

इथे खरी गंमत आहे. संगणकाला धूळ म्हणजे काय ते कळत नाही. एका चित्रात आहे आणि मागच्या-पुढच्या चित्रांत त्या जागी नाही, असा जो ठिपका दिसेल तो त्याच्या लेखी धूळ. त्यामुळे पावसाचे थेंब, फटाक्याच्या ठिणग्या, उधळलेला गुलाल हेही त्याच्या हातून पुसले जाऊ शकतात. म्हणून शेवटी माणूस बसवावा लागतो. तो एकेक चित्र पाहून सांगतो, ही धूळ आहे, काढ. हा गुलाल आहे, ठेव. फितीवर काळाने बसवलेले तेवढे काढायचे, करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेले काढायचे नाही, हा या कारागिरीचा सारा धर्म आहे.

चावट चित्रपटाच्या बाबतीत हा धर्म पाळणे अवघड जाते. कारण इथे आपल्यालाच, म्हणजे कारागिराच्या मागे उभ्या असलेल्या समाजाला, गुलालाची लाज वाटत असते. हात लागलाच आहे, तर चार ओरखड्यांबरोबर चार संवादही गेले तर काय बिघडले, असे मनात येते. माझ्या ओळखीच्या एका सुविद्य गृहस्थांनी मला हेच सुचवले होते. कोजागरीच्या कार्यक्रमात दादांचा चित्रपट दाखवायची त्यांची इच्छा होती, आणि सहकुटुंब पाहता येईल अशी 'सोवळी' प्रत कुठे मिळेल काय, अशी त्यांची विचारणा होती. मी मुख्याध्यापक असल्यामुळे सोवळ्या प्रती माझ्याकडे असतील असा त्यांचा समज असावा. त्यांच्या प्रश्नात वाईट काही नव्हते, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पहिला आक्षेप सरळ आहे: पैसा थोडा, चित्रपट फार. २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत सुमारे २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपयांचे काम जाहीर केले. आकडा मोठा वाटतो, पण शंभराहून अधिक वर्षांच्या उद्योगापुढे तो पुरा पडणारा नाही. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले. 'आलम आरा' (१९३१) हा पहिला बोलपट आज कुठेही उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून डबे गोळा केले, तरी कितीतरी फिती त्यांतली चांदी काढण्यासाठी आधीच विकल्या गेल्या होत्या. याच गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) दुरुस्त होऊन २०२४ साली कान येथे दाखवला गेला, तेव्हा कुणाला पैसा वाया गेला असे वाटले नाही. अशी रांग असताना त्यात 'मुका घ्या मुका'ला कोणत्या तोंडाने उभे करायचे?

रांगेत आधी कोण याबद्दल माझे भांडण नाही. सरकारी पैशाने आधी 'मंथन' वाचावा हे मलाही मान्य आहे. पण रांगेत शेवटी उभे राहणे आणि रांगेतून हाकलले जाणे यांत फरक आहे. कोण जगण्यालायक आणि कोण नाही हे ठरवणाऱ्या पिढ्यांचा अनुभव फारसा विश्वासार्ह नाही, आणि त्याचा पुरावा शोधायला इटलीला जावे लागत नाही.

महाराष्ट्राच्या मातीतला सर्वांत जुना काव्यसंग्रह कोणता? सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती'. ती स्तोत्रांची नाही, ती गावकुसातल्या प्रेमिकांच्या, चतुर बायकांच्या, भोळ्या नवऱ्यांच्या, शेतातल्या आणि नदीकाठच्या संकेतस्थळांच्या सातशे गाथांची आहे. अनेक गाथांचा सारा चमत्कार दुसऱ्या अर्थात आहे. वरवर पाहता वाटसरूला रस्ता सांगणे चालले आहे, आत निमंत्रण आहे. एक शब्द, दोन अर्थ, एक सासूला ऐकवण्यासाठी आणि दुसरा ज्याला कळायचा त्याला. दादांचे गोत्र इतके जुने आहे! या संग्रहाच्या वेगवेगळ्या परंपरांतील हस्तलिखिते जर्मन पंडित वेबर यांनी ताडून पाहिली, तेव्हा सर्वांत समान अशा गाथा सुमारे ४३०च निघाल्या. बाकीच्या ठिकाणी काळाने आणि नकलाकारांनी हात फिरवला होता. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी तो संग्रह मराठीत आणला आणि आज तो विद्यापीठांत अभ्यासला जातो. मधल्या अठराशे वर्षांत एखाद्या सज्जन नकलाकाराने 'हे काय लिहायचे?' म्हणून लेखणी खाली ठेवली असती, तर दोन हजार वर्षांपूर्वीची मराठी मुलखातली बाई कशी हसत होती ते आपल्याला कधीच कळले नसते.

दुसरे उदाहरण तर आपल्या गुजरातचे आहे. आठव्या शतकात काश्मीरच्या दामोदरगुप्ताने 'कुट्टनीमत' लिहिले. एक वृद्ध कुंटीण तरुण गणिकेला धंद्याचे शिक्षण देते असा त्याचा विषय. हे काव्य लोकांना जवळजवळ विस्मृत झाले होते. १८८३ साली पीटर पीटरसन यांना त्याचे ताडपत्रावरील हस्तलिखित सापडले, ते खंभातच्या शांतिनाथ जैन मंदिराच्या भांडारात. ज्यांनी संसारच सोडला त्यांच्या भांडारात कुंटिणीचा उपदेश शतकानुशतके सुरक्षित राहिला. त्यांनी तो व्याख्यानात वाचून दाखवला नसणार हे उघड आहे, पण फेकूनही दिला नाही. जपणे आणि शिफारस करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या भांडारी मंडळींना आपल्यापेक्षा चांगले कळत होते असे म्हणावे लागते.

आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला तर ही चर्चा परकी नसावी. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. कृती समग्र पाहून निर्णय करावा, आणि स्त्रीपुरुषसंबंधांचा उल्लेख म्हणजेच अश्लीलता असे धरले तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. यातला 'समग्र' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याकडे पुढे येतो.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपल्या घरातली मुले मराठी बोलतात, पण ती कामापुरती. जेवायला वाढ, गाडी किती वाजता, आजीला नमस्कार सांग. बाहेर गुजराती, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, मोबाईलवर हिंदी. या मुलांचे मराठी पाठ्यपुस्तकासारखे स्वच्छ असते आणि म्हणूनच अपुरे असते. 'त्याने मला वात आणला' असे आजोबा म्हणाले, तर गुजराती कानाला 'वात' म्हणजे गोष्ट, त्यामुळे नातवाला वाटते कुणीतरी छान गोष्ट आणली. 'मुका घ्या मुका' हे नाव घ्या. मराठी कानाला मुका म्हणजे चुंबन आणि मुका म्हणजे न बोलणाराही. आपल्या मुलांच्या कानाला 'मूको' म्हणजे ठेवा. एका अर्थाचीही खात्री नाही, तिथे दुसरा अर्थ कुठून यायचा?

भाषेत सर्वांत शेवटी कळतो तो श्लेष, आणि विसरताना सर्वांत आधी जातो तोही श्लेष. सरळ वाक्याचे भाषांतर होते, श्लेषाचे होत नाही. 'पांडू'चा 'चंदू' करताना गोष्ट नेता येते, पण मराठीतला दुहेरी शब्द तसाच उचलून नेता येत नाही, गुजरातीतला दुसरा शोधावा लागतो. म्हणून मी माझ्या मराठी पालकांना कधी कधी गमतीने म्हणतो की तुमच्या मुलाला द्वयर्थी विनोद समजून तो तुमच्यासमोर लाजला, तर रागावू नका. त्याला मराठी आले. दादांच्या चित्रपटांत जी बोली आहे, तमाशाच्या फडातून, गिरणगावातून, शेताच्या बांधावरून आलेली, तिचे नमुने कोशांत थोडे आणि पडद्यावर पुष्कळ आहेत. चावटपणा पुसायचा ठरवला तर बोलीचा एक मोठा तुकडा त्याच्याबरोबर पुसला जाईल.

इथपर्यंत माझे मन स्वस्थ असते. यापुढचा आक्षेप मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. तो संस्कृतीरक्षकांचा नाही. तो पडद्यावरच्या बाईचा आहे.

इटलीतल्या काय किंवा कुठल्याही देशातल्या काय, अशा चित्रपटांत जी नटी चार मिनिटांपुरती येऊन अंगावरचे वस्त्र बाजूला करी, तिने करारावर सही केली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय असेल? थिएटरमधला अंधार, काही आठवड्यांचा खेळ, मग डबे बंद. प्रेक्षकाने डोळा मिटेपर्यंत चित्र पुढे गेलेले. पन्नास वर्षांनी कुणीतरी आपली निगेटिव्ह शोधून काढील, ती पूर्वी कधी नव्हती इतकी लखलखीत करील, मग घराघरांत ती थांबवून, मोठी करून पाहिली जाईल आणि चार सेकंदांचा तुकडा कापून हजारो खिशांत फिरेल, हे तिला कुणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? कुणाला ठाऊकच नव्हते. तिने संमती दिली होती हे खरे, पण ती या गोष्टीला दिलेली नव्हती. झिजलेल्या प्रतीतला धूसरपणा हा तिच्यासाठी एक प्रकारचा पदरच होता. तो पदर आपण तंत्राच्या अभिमानाने ओढून काढतो आहोत, असे कुणी म्हटले तर काय उत्तर द्यावे?

खुद्द पासोलिनीची साक्ष या बाजूला आहे. 'डेकॅमेरॉन'नंतर त्याने त्याच धर्तीचे आणखी दोन चित्रपट काढले आणि १९७५ साली, आपल्या खुनाच्या काही महिने आधी, तिन्ही चित्रपटांचा त्याग केल्याचे लिहून ठेवले. ते केल्याचा पश्चात्ताप नाही, असे तो म्हणतो. पण ज्या निष्पाप देहाचे गुणगान त्यांत केले तो देह बाजाराने गिळून टाकला, हे त्याचे दुःख होते. निर्मात्यानेच ज्याच्याकडे पाठ फिरवली ते आपण जपायचे कोणत्या अधिकाराने?

या आक्षेपाला मी खोडून काढू शकत नाही. मला वाटते तो खोडायचा नसून पाळायचा आहे. नष्ट करणे हे त्याचे उत्तर नाही, कारण नष्ट झाले की त्या बाईवर झालेला अन्यायही पुराव्याशिवाय उरतो आणि तिने केलेले कामही. उत्तर आहे ते जपणाऱ्याने काही बंधने स्वतःवर घालून घेण्यात.

पहिले बंधन समग्रतेचे. न्यायालयाने जे वाचकाला सांगितले तेच जपणाऱ्यालाही लागू आहे. चित्रपट अखंड असतो तेव्हा त्यात ती बाई एक पात्र असते. तिला नाव असते, संवाद असतो, आणि बहुधा हसण्याचा विषय ती नसून तिचा मूर्ख नवरा, हवालदार किंवा पाटील असतो. तोच चित्रपट कापून तुकडा काढला की हसू गळून पडते आणि उरतो तो नुसता देह. सोवळी प्रत काढणारा गृहस्थ आणि चार सेकंदांचा तुकडा फिरवणारा टवाळ एकमेकांचे शत्रू वाटतात, पण हातात दोघांच्याही कात्रीच असते. एक देह टाकतो आणि दुसरा हसू टाकतो, एवढेच. पूर्ण चित्रपट ठेवणारा या दोघांच्याही वाटेत उभा असतो.

दुसरे बंधन नावाचे. शीर्षकांतली नावे पुसट झालेली असतात, ती आधी वाचावीत. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात कलावंतालाही, आपले नाव लागावे आणि आपल्या कामाची विटंबना झाली तर हरकत घेता यावी, असे हक्क मिळाले आहेत. कायदा कुठवर पोहोचतो हे वकिलांनी पाहावे. पण जी कलावती हयात आहे तिला शोधून, तुझे हे काम आम्ही पुन्हा लोकांपुढे आणतो आहोत, तुझे काय म्हणणे आहे, असे विचारणे याला कायदा लागत नाही, माणुसकी पुरते. तिच्या मेहनतीवर दुसऱ्यांदा पैसा मिळणार असेल, तर त्यातला वाटा तिचाही आहे.

तिसरे बंधन खंभातच्या भांडाराने शिकवलेले. ठेवणे आणि दाखवणे वेगळे ठेवावे. संग्रहालयात चित्रपट पूर्ण असावा. तो कुणाला, कुठे, कोणत्या वयाला दाखवायचा हे मात्र दरवेळी विचार करून ठरवावे. माझ्या शाळेच्या सभागृहात मी 'सोंगाड्या'ची निवड करताना दहादा विचार करीन, आणि त्याच्या पुढच्या कित्येक चित्रपटांना सरळ नाही म्हणेन. पण नाही म्हणणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. मुलांना अर्धा चित्रपट दाखवून हाच पूर्ण आहे असे सांगणे हा प्रामाणिक व्यवहार नव्हे.

कोजागरीच्या त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले. कार्यक्रमाला आठ वर्षांची मुले येणार असतील तर दुसरा चित्रपट निवडा, मराठीत चांगल्या चित्रपटांचा तोटा नाही. मोठ्यांचाच कार्यक्रम असेल तर दादा जसे आहेत तसे येऊ द्या. त्यांना सोवळे नेसवू नका, ते त्यांना शोभणार नाही आणि आपल्यालाही नाही. त्यांनी काय ठरवले हा त्यांचा प्रश्न.

आपल्या नातवंडांना आपण काय ठेवून जाणार? अभंग ठेवू, पोवाडे ठेवू, सत्याग्रहाच्या आठवणी ठेवू. ते सारे थोर आहे. पण तेवढेच ठेवले, तर त्यांना वाटेल की आपले आजी-आजोबा सदैव हात जोडून उभे असत. मग ती आपल्याला नमस्कार करतील आणि आपल्याशी बोलायचे सोडून देतील. दिवसभर ऊस तोडून, यंत्रमागावर उभे राहून, कचेरीत खर्डेघाशी करून दमलेली ही माणसे रात्री कशाला हसत होती, हे त्यांना कळायला हवे. त्या हसण्यात कुणाची चेष्टा होत होती, कुणावर अन्याय होत होता, हेही कळायला हवे. त्यांना ते आवडेल किंवा ती तोंड फिरवतील. तो निर्णय त्यांचा आहे, आणि तो करायला त्यांच्या हाती पूर्ण वस्तू पडली पाहिजे. आपण फक्त धूळ पुसावी. गुलाल कुणी उधळला आणि का, याची विचारपूस त्यांना करू द्यावी.